नारी! नारो!

६ जानेवारी, शुक्रवार

हसले! सगळेच्या सगळे हसले! गाल अजून तापलेत. आधी हे लिहून टाकते, मग जेवायला जाईन. नाहीतर कुणाच्या तरी अंगावर सूप ओतायची.

आज तीन राजांचा सण. घरोघरचे मुखवटे पेटीतून बाहेर निघतात आणि फास्नेटच्या, म्हणजे फेब्रुवारीतल्या सोंगांच्या सणाच्या, मंडळाची माणसं काळे कोट, उंच टोप्या घालून ते झटकायला येतात. कुंचला फिरवायचा, एक घोट दारू घ्यायची, पुढचं घर. आमच्याकडे पोचेपर्यंत बरीच घरं झाली असणार. ऑटमार फेरेनबाखचं नाक तेच सांगत होतं. हे मंडळाचे अध्यक्ष. आयुष्यभर बेकरी चालवली. आता गावात यांना विचारल्याशिवाय पावसुद्धा फुगत नाही.

मी वर्षभर जर्मनीत शिकायला येऊन ज्यांच्याकडे राहते, त्यांच्या सेव्हरिनचा पाय प्लास्टरमध्ये. स्कीइंगला गेला आणि झाडाला भेटून आला. त्यामुळे यंदा त्याचं सोंग रिकामं. बेआटे, त्याची आई, हळहळत होती. मी सरळ म्हटलं, "मी घालते की त्याचं." साधं, नीट, व्याकरणासकट जर्मन.

फेरेनबाख म्हणाला, "बाई मुखवट्याखाली जात नसते, शाल्माय. आणि तुला मुखवटा हवाच कशाला? तू तर जन्मतःच चढवून आली आहेस!" आणि हातातला कुंचला माझ्या गालावरून फिरवला. "बघा, धूळसुद्धा नाही!"

हसले. मंडळवाले तर खिदळलेच, पण क्लेमेन्स! सहा महिने ज्यांना मी घरातले बाबा समजते, तेही कसनुसं हसले. बेआटे टेबलावरचे तुकडे गोळा करायला लागली. तिथे तुकडे नव्हतेच.

हसली नाही ती फक्त बुर्गा आजी, क्लेमेन्सची आई. तिनं फेरेनबाखच्या हातातला अर्धा भरलेला पेला काढून घेतला. "झालं तुझं? मग नीघ."

शाल्मलीचं 'शाल्माय' केलं ते मी ऑगस्टपासून ऐकतेय. शाल्माय म्हणजे फास्नेटमध्ये वाजवतात ती कर्कश पिपाणी. ते चालतं. कुंचला नाही चालणार.

७ जानेवारी

ठरलं. फास्नेट संपायच्या आत मुखवटा चढवून त्याच्यासमोर उभी राहणार. त्याचे वाभाडे काढणार. आणि मी कोण ते त्याला ओळखता येणार नाही. आलं तर शाल्मली बेंडल नाव लावणार नाही!

मुखवटेवाल्याला तो हक्कच असतो. रस्त्यात कुणालाही अडवायचं, आवाज बदलायचा, एरवी ज्याला अहो-जाहो करतो त्याला अरे-तुरे करायचं आणि त्याच्या वर्षभराच्या मूर्खपणाचा पाढा वाचायचा. ऐकणाऱ्यानं निमूट ऐकायचं. आपला शिमगाच, फक्त बोंब न मारता. मुखवट्याला कुणी हात लावायचा नाही, आणि मुखवट्याला जे सांगितलं ते मुखवट्यातच राहतं. हे दोन्ही नियम मला मनापासून आवडतात. बायकांना बंदी, हा तिसरा.

आणि आरोळी काय, तर सोंगाडे ओरडतात 'नारी!' आणि लोक ओरडतात 'नारो!' गावभर नारी, नारी करत फिरायचं आणि नारीला घरी ठेवायचं!

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्याकडे काय वेगळं आहे? शिमग्यातल्या संकासुराचा झगा तुला घालू दिला असता का कुणी?" नाही. तो अमोघदादा घालतो. मी ओटीवर. त्याच्या दोरीचा फटका खायचा आणि हसायचं, एवढंच आमचं काम.

इथेही ओटीवरच बसू? मुळीच नाही.

१५ जानेवारी

सेव्हरिनला विचारलं. "वेड लागलंय का तुला?"

फास्नेटमध्ये वेडच लागायला हवं ना, म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, "पकडली गेलीस ना, तर तुला काही होणार नाही. तू जुलैत विमानात बसशील. सोंग आमच्या घरातून जाईल. मुखवटा पणजोबांनी कोरलेला आहे. मंडळ उचलून नेतं आणि परत देत नाही. बाबा तोंड दाखवू शकणार नाहीत कुठे."

हे मला माहीत नव्हतं. त्याचं खरंच आहे. माझा अपमान आणि त्यांचा मुखवटा — हा कुठला न्याय?

पण कुंचल्याचे केस अजून गालावर टोचताहेत.

१६ जानेवारी

आजी तळमजल्यावर राहते. आज तिनं आम्हा दोघांना खाली बोलावलं. "जिन्यात कुजबुजता आणि वाटतं म्हातारी बहिरी! सगळं ऐकलंय मी."

मला वाटलं, आता ओरडा बसणार. ती माझ्याकडे वळली. "तू बोलतेस कशी ठाऊक आहे? पाठ्यपुस्तकासारखी. तोंड उघडलंस की मुखवटा असून नसल्यासारखा. आधी बोली शिकायला पाहिजे."

सेव्हरिन म्हणाला, "आजी! तू हिला सांगायचं सोडून —"

"सोंग या घरात आलं ते माझ्या नवऱ्याच्या बापाकडून. तुझ्याकडून नाही. गप बस आणि बटाटे सोल."

बसला. सोलले.

२४ जानेवारी

आजीचं जर्मन आणि शाळेतलं जर्मन म्हणजे आमच्या वाडीतली बनुकाकी आणि टीव्हीवरच्या बातम्या! शब्दाचं शेपूट खाऊन टाकायचं, मधली अक्षरं नाकातून काढायची. रोज शाळेतून आले की तिच्या स्वयंपाकघरात. घसा खवखवतोय, कारण हे सगळं बोलायचं ते किनऱ्या, चिरक्या आवाजात.

बेआटेला वाटतंय मी आजीकडे विणकाम शिकतेय. आजी खरंच काहीतरी विणते आहे. पांढरे हातमोजे. "हात झाकायला हवेत ना," म्हणाली. तेवढंच. पुढे काही बोलली नाही, त्याबद्दल तिचे आभार.

२८ जानेवारी

आज चाल. कमरेला घंटांचे पट्टे, हातात सोंगाच्या काठीऐवजी स्वयंपाकघरातला झारा. टेबलाभोवती फेऱ्या मारून मांड्या भरून आल्या.

आजी ओरडते — "चोरासारखी काय चालतेस? जमीन दुसऱ्या कुणाच्या बापाची असल्यासारखी! आपल्याच बापाची आहे अशी चाल!"

तिनं स्वतः उठून करून दाखवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई! टाच आपटून, कमरेतून गिरकी घेऊन, झारा फिरवून — आणि डोळे असे चमकत होते की मी विसरलेच बघायचं काय ते. मग धापा टाकत खुर्चीत बसली. "हं. तसं."

"आजी, तुला कसं येतं हे?"

"खिडकी असते घराला," म्हणाली.

२ फेब्रुवारी

फेरेनबाखला काय काय सुनावायचं ते तयार आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यानं नवी गाडी मागे घेताना देवळापुढचं कारंजं पाडलं आणि वर हरीण आडवं आलं असं सांगत सुटला. गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, पण तोंडावर कोण बोलणार!

आजीला म्हणून दाखवलं. "चांगलं आहे. पण हे कुणीही बोलेल. शेवटी एक ठेवणीतली शिवी पाहिजे. म्हण — मेलवुर्म."

मेलवुर्म. पिठातली अळी. बेकरीवाल्याला चपखल!

"ही काय मोठीशी शिवी? इथं सगळेच देतात. पण एकदाच म्हण. अगदी शेवटी. त्याच्या डोळ्यांत बघून."

मग हा एकच शब्द तिनं माझ्याकडून इतक्या वेळा घोटून घेतला की सेव्हरिन कंटाळून वर निघून गेला. 'व'वर जोर, शेवट लांबवायचा, जसा काही लाडानं हाक मारतोय.

८ फेब्रुवारी

वर्गातल्या मुली म्हणतात, तुझी साडी दे ना फास्नेटला, आम्ही इंडियन होतो. दिली नाही. साडी म्हणजे सोंग नव्हे!

१० फेब्रुवारी

सेव्हरिनचं प्लास्टर निघालं. लंगडतोय. डॉक्टर म्हणाले, पळायचं नाव काढू नकोस. आणि हा पठ्ठ्या संध्याकाळी मंडळात जाऊन सांगून आला की फास्नेटच्या सोमवारच्या मिरवणुकीत मी आहे!

"आता तूच मी," म्हणाला. मी त्याला मिठीच मारली. कानापर्यंत लाल झाला.

१२ फेब्रुवारी

आज बेआटेशी बोलता बोलता सहज विचारलं — फास्नेटला आजीच्या खोलीच्या झडपा बंद का असतात? शेजारच्या बाई म्हणत होत्या.

बेआटे भांडी पुसायची थांबली. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं नाही ना अजून? लग्नाआधी ती भावाचं सोंग घालून गेली होती. कुणाला कळलं नसतं, इतकी छान नाचत होती म्हणे. पण कुणीतरी चुगली केली. भर चौकात दोघातिघांनी धरून मुखवटा ओढून काढला. लोक हसले. तिच्या माहेरचं सोंग गेलं ते गेलंच. तेव्हापासून फास्नेटचे दिवस ती झडपा लावून बसते. डोकं दुखतं म्हणायचं आम्ही."

"चुगली कुणी केली?"

"ते कधी कळलंच नाही."

खिडकी असते घराला म्हणे! बंद खिडकी!

१३ फेब्रुवारी

राहवलं नाही. खाली गेले आणि म्हटलं, आजी, मला कळलंय. तुझ्याबरोबर जे झालं तेच माझ्याबरोबर झालं तर?

"बेआटेच्या पोटात काही राहत नाही," ती म्हणाली. मोजे विणून झाले होते, त्यांचे धागे कापत होती. "भीती वाटतेय?"

"हो."

"मग जाऊ नकोस."

"जाणार!"

"मग हे घालून बघ." पलंगाखालून तिनं बूट काढले. काळे, घोट्याच्या वर येणारे, लाल नाड्यांचे. "सेव्हरिनच्या बुटांत तू होडीत बसल्यासारखी दिसशील."

जुने, पण तेल लावून ठेवलेले. माझ्याच मापाचे बनवल्यासारखे बसले.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सोंगाड्यांनी शाळा ताब्यात घेतली, आम्ही सुटलो. या दिवशी बायकांनी पुरुषांचे टाय कापायचे असतात, मी मुख्याध्यापकांचा कापला. कात्री बोथट, ते बिचारे मान पुढे करून उभे! चौकात फेरेनबाख भेटला. "काय शाल्माय, बघायला येणार ना सोमवारी?"

येणार तर, म्हटलं. अगदी पुढे उभी राहीन.

१९ फेब्रुवारी

क्युशले तळले. शंकरपाळ्यांचे थोरले भाऊ. एकही खाल्ला नाही. इतिहासात प्रथमच.

२० फेब्रुवारी, सोमवार

घंटांनी कमर काळीनिळी झाली आहे. पण सगळं लिहिणार.

क्लेमेन्स आणि बेआटे लवकर निघाले. आजीच्या खोलीत मी चढवलं — लाल झगा, पट्टे, मोजे, बूट, मग मुखवटा. आतून लाकडाचा आणि कुणाच्या तरी जुन्या घामाचा वास. आजीनं मागची गाठ मारली, दोनदा ओढून बघितली. माझ्या हातात काठी दिली, टोकाला डुकराच्या मूत्राशयाचा फुगा. मग झडपा लावून घेतल्या. सेव्हरिन तिच्याबरोबर आत, अंधारात, क्युशल्यांचं ताट मांडीवर घेऊन. मी मागच्या दारानं बाहेर.

आणि काय सांगू! पहिली 'नारी!' घशातून निघाली आणि अख्खा रस्ता 'नारो!' करून उसळला. माझ्या हाकेला! ज्या बाया मला दुकानात हळू... सावकाश... शब्द तोडून... विचारतात, 'तुला... पिशवी... हवी?' त्या मला घाबरून पळत होत्या. टाच, गिरकी, टाच. जमीन माझ्याच बापाची. क्लेमेन्सना फुग्याचा फटका दिला. ते हसून म्हणाले, "सेव्हरिन, पाय सांभाळ रे!" दिला अजून एक. त्या दिवशीच्या हसण्याबद्दल.

फेरेनबाख खानावळीच्या पायरीवर उभा. काळा कोट, उंच टोपी, उघडा चेहरा. गेले थेट. किनऱ्या आवाजात सुरू केलं — "काय रे ऑटमार, हरणाची तब्येत कशी आहे? सापडलं का? मागे घ्यायला गाडी येईना आणि म्हणे गाव पुढे नेणार!"

भोवतीचे लोक पोट धरून हसले. तोही हसला, त्याला हसावंच लागतं. "आवाज फुटला नाही वाटतं अजून, सेव्हरिन?"

मी पुढे चालू. कारंजं, पंचनामा, हरीण. मग कुणीतरी म्हणालं, "हा सेव्हरिन कसला? सेव्हरिन उंच आहे." फेरेनबाखचे डोळे बारीक झाले. "मग कोण आहेस तू? हुबर्टचा धाकटा? बोल अजून. बोल." एक पायरी उतरला. त्याचा हात वर आला, माझ्या हनुवटीशी, मुखवट्याच्या कडेपाशी. नियम आहे ना! कुणी हात लावत नाही ना! पण आजीच्याही वेळी नियम होताच की.

पळायला जागा नव्हती. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "मेलवुर्म."

हात तिथेच थांबला.

त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. तो खाली बघायला लागला. माझ्या बुटांकडे. लाल नाड्यांकडे. मग त्यानं टोपी काढली. फेरेनबाखनं! आणि माझ्या कानाशी येऊन इतक्या हळू बोलला की मिरवणुकीतल्या बँडच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणंच शक्य नव्हतं.

"बुर्गा? तू? ... मी ओढला नव्हता गं मुखवटा. देवाशपथ. मी नुसतं नाव सांगितलं त्यांना. तू मला नाही म्हणालीस आणि त्याला हो म्हणालीस... डोकं फिरलं होतं माझं. ते एवढं करतील असं वाटलं नव्हतं. फास्नेटला रोज तुझ्या खिडकीवरून जातो. बंद असते."

मी एक शब्द बोलले असते तर संपलं असतं. त्याचंही, माझंही. फुगा उचलला, त्याच्या टकलावर एक दिला — जोरात नाही — आणि लोकांत घुसून पळाले.

ओळखलं नाही त्यानं मला! जिंकले! दीड महिना हेच हवं होतं. मग आनंदानं नाचायचं सोडून मी न्हाणीघरात दार लावून का रडले?

हे आता माझ्या पोटात. आजीला सांगायचं, तर मुखवट्याला सांगितलेलं मुखवट्यातच राहतं. न सांगायचं, तर जिनं बूट दिले, मोजे विणले, तिच्याच घरात तिचंच लपवून राहायचं! नियम माणसांसाठी की माणसं नियमांसाठी? आजीनं नुसतं विचारलं, "गाठ सुटली नाही ना?" नाही म्हटलं. "बरं," म्हणाली आणि झोपायला गेली.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नाश्त्याला सहज म्हटलं, मेलवुर्म म्हणजे फार वाईट शिवी का हो?

क्लेमेन्स म्हणाले, "ही कुठली शिवी?" बेआटेनं कधी ऐकली नाही. सेव्हरिननंही नाही, आजी मला शिकवत होती तेवढीच.

इथं सगळेच देतात म्हणाली होती.

संध्याकाळी फास्नेट संपलं म्हणून गवताचा पुतळा जाळला. सगळे मोठमोठ्यानं खोटं रडत होते. फेरेनबाख शेजारी येऊन उभा राहिला. तो मात्र रडत नव्हता. "काय शाल्माय, काल दिसली नाहीस?"

"इथेच होते."

तो जाळाकडे वळला. मग, "तुमची आजी... बरी आहे ना?"

बरी आहे म्हणणार होते. पण कुंचला आठवला. मी त्याला आजीच्याच बोलीत म्हटलं, अगदी आजीच्याच, शेपटं खाऊन — "गावातलाच ना तू? घर माहीत आहे. ये आणि विचार."

उघड्या चेहऱ्यानं अरे-तुरे केलं त्याला! त्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे, मग पायांकडे. पायांत माझे रोजचे बूट होते. काय समजायचं ते समजू दे.

२२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

खाली गेले तर आजीच्या झडपा सताड उघड्या. ऊन थेट पलंगावर. बूट खिडकीत वाळत ठेवलेले, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील असे. ती कॉफी ओतत होती. मागे न बघताच म्हणाली, "मग? काय म्हणाला पिठातला किडा?"

त्याला या नावानं जगात एकटी तीच हाक मारायची. शाळेत असल्यापासून, म्हणाली.

म्हणजे आजीचा मुखवटा मीच होते! राग यायला हवा होता. आलाही, थोडासा. म्हटलं, "नाही सांगणार. मुखवट्याला सांगितलेलं मुखवट्यात राहतं. तुमचाच नियम."

तिनं कप ठेवला आणि हात पुढे केला. "तो तुझ्याशी बोलला का? माझ्याशी बोलला. माझं मला दे."

दिलं.